बापाकचा कॉम्प्युटर आणि तिसरं नाव

मालांग,
रविवार, २५ ऑगस्ट २०१९

प्रिय रेत्नो,

सलाम. तू बरी असशील आणि ताइचुंगला तू ज्यांची देखभाल करतेस त्या आजीबाईंचं दुखणंखुपणंही आटोक्यात असेल, अशी आशा करते. इकडे आम्ही ठीक. शेजारच्या बू तुमिनीने तिच्या कोंबड्या पुन्हा आपल्या अंगणात सोडल्या आणि मी पुन्हा तिच्याशी भांडले. म्हणजे सगळं नेहमीसारखं.

सहा वर्षांनी बहिणीचं पत्र, आणि तेही हाताने लिहिलेलं, म्हणून तू दचकली असशील. कारण सांगते. या घरात आता टाइप केलेलं काहीच मरत नाही. हे तुझ्या लाडक्या भावाचे उद्योग.

बिमो कालिमंतानच्या खाणीतली नोकरी सोडून परत आला, हे त्याने तुला कळवलंच असेल. पुढच्या महिन्यात बापाकना जाऊन हजार दिवस होतील. थडग्यावर पक्का दगड बसवायचा, लोकांना जेवायला बोलवायचं, प्रार्थनेची पुस्तिका छापून वाटायची. पुढच्या पानावर बापाकचा फोटो, मागच्या पानावर मुलांची नावं. बरा फोटो शोधायला म्हणून त्याने बापाकचा जुना कॉम्प्युटर माळ्यावरून खाली काढला. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने घेतलेला, तोच तो अवजड डबा.

मी म्हटलं, "फोटो काढ आणि भंगारवाल्याला देऊन टाक."

"नाही म्बाक, याचा घरचा सर्व्हर करतो." थोरल्या बहिणीला मानाने म्बाक म्हणायचं आणि आपलंच खरं करायचं, ही त्याची जुनी सवय.

"म्हणजे काय करतोस?"

"कपाट समज. घरातले सगळे फोटो, कागद, पत्रं एका जागी. तू फोनवरून बघ, मी कामावरून बघेन, रेत्नो तैवानमधून बघेल."

तुझं नाव आलं आणि माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्याने झाकण उघडलं तर आत खरोखरच पालीची दोन अंडी निघाली. ती त्याने अलगद बाहेर ठेवली, ब्रशने धूळ झाडली आणि दोन नव्या डिस्क बसवल्या. एक बिघडली तरी दुसरीत सगळं शाबूत राहतं म्हणे. मग पडदा काढला, कीबोर्ड काढला आणि तो डबा बाहेरच्या खोलीत कपाटावर, इंटरनेटच्या पेटीशेजारी ठेवला. ना डोळे, ना हात, नुसता एक हिरवा दिवा. मी नमाजाला बसले तरी मला वाटायचं, हा बघतोय.

खरं सांगायचं तर डब्यापेक्षा मला बिमोचा संशय जास्त. मी चहा घेऊन गेले की फोन पालथा ठेवायचा. उगाच शीळ घालायचा. एकदा सहज विचारल्यासारखं विचारलंन, "म्बाक, बापाकचा उजवा हात नेमका कधी लुळा पडला?"

"का?"

"पुस्तिकेत त्यांची थोडी माहिती घालू म्हणतो."

लुळ्या हाताची माहिती कोण छापतं गं? हा माणूस काहीतरी शोधतोय, नाहीतर याला काहीतरी सापडलंय, अशी माझी खात्रीच झाली. दुसऱ्या दिवशी तो चाळीसाव्या दिवसाची जुनी पुस्तिका घेऊन आला. "यात दोनच नावं कशी? तुझं आणि माझं."

"छापणाऱ्याची चूक असेल."

"छापणारा एखादं अक्षर गाळतो, म्बाक. अख्खी बहीण नाही गाळत." आणि हसला. रागावला असता तर मी दोन शब्द सुनावले असते. हसला म्हणून माझी पाचावर धारण बसली.

मंगळवारी दुपारी तो दगड बघायला गेला होता. त्याने मला आत शिरायची किल्ली म्हणून एक शब्द दिला होता, 'रावोन', माझ्या हातचा काळा रस्सा त्याला आवडतो म्हणून. मी फोनवरून आत शिरले. एका कप्प्यावर 'पत्रं' असं लिहिलं होतं. मला हवं होतं ते सापडलं, मी ते पुसून टाकलं. मग खरंच रावोन केला आणि त्या दिवशी शांत झोपले.

बुधवारी जेवताना हा म्हणतो, "म्बाक, काल तुझ्या हातून चुकून एक कागद पुसला गेला. काळजी करू नकोस, परत आणला. मी तशी सोयच करून ठेवलीय. महिनाभर कोणी काहीही पुसलं तरी सापडतं."

मी विचारलं, "काय होतं त्यात?"

"उघडलं नाही मी. तारीख होती आणि खाली बापाकचं नाव. रस्सा वाढ ना अजून."

गेले चार दिवस मी त्याचं तोंड निरखते आहे. त्याने वाचलं की नाही, मला कळत नाही. वाचलं असेल तर मी आपणहून बोलायची वाट बघत असेल. नसेल वाचलं तर हजाराव्या दिवशी तो तुलाही तुझी किल्ली पाठवणार आहे, आणि मग तूच ते वाचशील, शेजारच्या कप्प्यातल्या दवाखान्याच्या कागदांसकट. मला दोन्हीकडून सुटका नाही.

ती तारीख सांगते. ७ ऑगस्ट २०१३, ईदच्या आदला दिवस. तू लिहिलं होतंस, "बापाक, उद्या सगळे तुमच्या गुडघ्यांवर डोकं ठेवून माफी मागतील. मी इथून मागते. माझी ही चिठ्ठी म्बाकने तुम्हाला वाचून दाखवावी." आणि तुला उत्तर आलं होतं, "मला दोनच मुलं आहेत. पुन्हा लिहू नकोस."

त्या दिवशी बापाक दवाखान्यात होते, रेत्नो. उजवा हात एप्रिलपासूनच गेला होता, वाचाही. तुला वाटलं असेल, त्यांनी डाव्या हाताने एकेक अक्षर दाबलं; ते उत्तर मी लिहिलं.

बापाक पडले आणि आठव्या दिवशी तू विमानात बसलीस. चादरी, भांडं, पाठीवरच्या जखमा माझ्या वाट्याला आल्या. सुरुवातीची तुझी पत्रं मी त्यांना वाचून दाखवली, आणि त्यांचा चेहरा जसा उजळायचा, तसा मी तिन्ही वेळा भरवायचे तेव्हा एकदाही उजळला नाही. माझ्याने ते बघवलं नाही. हेवा वाटला, दुसरा शब्द नाही त्याला. त्यानंतरही तुझी अकरा पत्रं आली. मी एकही त्यांना वाचून दाखवलं नाही आणि स्वतःही वाचलं नाही. ते दर रविवारी डाव्या हाताने कॉम्प्युटरकडे बोट दाखवायचे आणि मी म्हणायचे, "नाही आलं काही."

आणखी एक, जे कुठल्याच डिस्कवर नाही, म्हणून मीच सांगायला हवं. दर ईदला मी मुलांसाठी पानात उकडलेले भाताचे केतुपात वेगळे काढायला लागले, की ते डावा हात वर करून तीन बोटं दाखवायचे. मी दोनच काढले तर हात खाली घ्यायचे नाहीत. शेवटच्या ईदपर्यंत. मी तिसरा काढायचे आणि मागच्या दाराने तुमिनीच्या कोंबड्यांना घालायचे.

ते गेले तेव्हा तू बिमोला एवढंच म्हणालीस की मला येता येणार नाही. त्याला वाटलं, कामावरून सोडत नसतील. तू का आली नाहीस ते फक्त मला माहीत होतं, आणि मी मयतीला आलेल्यांना सांगत होते, बघा, धाकटी कशी निघाली.

बिमोने तो कागद परत आणला नसता तर मी हे लिहिलं असतं का? नसतं. खोटं कशाला सांगू? पण तिथे एकटीने वाचून कळण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, एवढं तरी मला करायचं होतं. तुझी सगळी पत्रं तिथे आहेत. काल मी बसून ती अकरा वाचली. शेवटच्यात तू विचारलं आहेस, त्यांच्या पाठीला तेल कोण लावतं. मी लावायचे, रेत्नो. रोज.

पुस्तिका आठ सप्टेंबरला छापायला जाईल. मागच्या पानावर मी तीन नावं लिहून दिली आहेत. तुला दोनच हवी असतील तर बिमोला फोन कर आणि माझं खोडायला सांग. मी का म्हणून विचारणार नाही.

हे मी माझ्या हाताने, माझ्या नावाने लिहिलं आहे. खाली 'तुझी म्बाक' लिहिणार होते, पण ते तू म्हणायचं असतं.

वुर्यानी