माझ्यानंतर पॅकहाऊसचं कसं होणार

५ जानेवारी, सोमवार
रश्मी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. भाजी निवडून पॅक करणाऱ्या आमच्या पॅकहाऊसचे मालक हौशीराम आबा, त्यांची ही सून, एमबीए. म्हणाल्या, ३१ मार्चला तुम्ही रिटायर होणार. त्याआधी तुमच्या, म्हणजे कामगार अधिकाऱ्याच्या, खुर्चीत बसेल असा माणूस आपल्याच लोकांतून तयार करा. याला सक्सेशन प्लॅनिंग म्हणतात म्हणे. मला सांगतात! मी पुण्याला लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा केला तेव्हा या बालवाडीतसुद्धा नव्हत्या.
पण मतलब माझ्या लक्षात आला. असा माणूस सापडत नाही हे आधी सगळ्यांना दिसू द्यायचं, मग मला मुदतवाढ द्यायची. मालक लोक सरळ हात जोडत नाहीत.
मला मुदतवाढ नको आहे. हे इथे स्पष्ट लिहून ठेवते. मात्र कंपनी अडचणीत असेल तर पाठ फिरवणं माझ्या स्वभावात नाही.

६ जानेवारी
घरी सांगितलं. चांगदेव म्हणाले, आता घरी बसा की करुणाबाई, मी काय वाईट हाय व्हय? रेल्वेतून रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघर त्यांच्याकडेच आहे. हळदीचा डबा कुठे असतो हेसुद्धा मला आता माहीत नाही. याला डेलिगेशन म्हणतात. घरी बसून मी काय करायचं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

१२ जानेवारी
काम सुरू. नऊ चौकोनांचा तक्ता करून भिंतीवर लावला. खालून वर क्षमता, डावीकडून उजवीकडे कामगिरी. वरच्या उजव्या चौकोनात ‘उद्याचे नेते’. तिथे सतीशला घातला. भाजीच्या ग्रेडिंग लाईनचा सुपरवायझर, इस्त्रीचा शर्ट घालतो.
शितलला मधल्या चौकोनात. माझ्या केबिनबाहेरच्या टेबलावर हजेरी आणि पगाराचं बघते. बरी आहे, पण हसते फार.
साखरबाई खालच्या कोपऱ्यात. पालेभाजीच्या बायकांची पुढारी, पण उलट बोलते.
आज बोललीच. तक्त्यापुढे कमरेवर हात ठेवून विचारलं, “मॅडम, तुमी कंच्या खोक्यात?” मी सांगितलं, तक्ता करणारी व्यक्ती तक्त्यात नसते. तर म्हणाली, “आगं बया! म्हंजी तुमी पॅकिंगच्या भाईरच?” बायका हसल्या. शितल सर्वांत जास्त. नोंद घेतली.

२० जानेवारी
नेतृत्व विकास, सत्र पहिलं. विषय: विश्वास. खेळ असा, की एकाने डोळे मिटून पाठीमागे पडायचं आणि सहकाऱ्यांनी झेलायचं. सतीश पडायला उभा राहिला. मागे आठजणी हात पसरून. तेवढ्यात केंदूरहून फ्लॉवरची गाडी आली. माल उन्हात राहू नये म्हणून आठहीजणी उतरवायला पळाल्या. डोळे मिटलेले असल्यामुळे सतीशला हे कळलं नाही.
फार लागलं नाही. मात्र विश्वास या विषयावर आणखी एक सत्र घ्यावं लागेल.

२६ जानेवारी
झेंडावंदनाचं भाषण सतीशला दिलं. अर्थात मीच लिहून दिलं होतं. चांगलं वाचलं. टाळ्या जरा जास्तच पडल्या. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. भाषण कोणी लिहिलं, हे कोणी विचारलं नाही. सतीशनेही सांगितलं नाही. नेतृत्वगुण आला म्हणायचा.

३ फेब्रुवारी
सतीशने राजीनामा दिला. रांजणगावच्या एका कारखान्यात लागला. मी दिलेलं ‘भावी नेता’ हे सर्टिफिकेट त्याने मुलाखतीत दाखवलं म्हणे. माझं ट्रेनिंग बाहेर चालतं, हे सिद्ध झालं.
रश्मी मॅडम काळजीत. आता कोण, म्हणाल्या. मी गंभीर चेहऱ्याने म्हटलं, अवघड आहे.
मला आनंद झाला वगैरे काही नाही. संध्याकाळी भेळ आणली, ती रस्त्यात दिसली म्हणून.

१० फेब्रुवारी
रश्मी मॅडमनीच शितलचं नाव काढलं. मी म्हटलं, कच्ची आहे. त्या म्हणाल्या, मग पिकवा. ठीक आहे. मधल्या चौकोनातून चिठ्ठी काढून वर लावली. चिकटपट्टी नीट चिकटत नाही. कागदालाही कळतं.
आजपासून एकेक अवघड काम तिला द्यायचं. पहिलं: बायकांच्या जुन्या कागदपत्रांच्या फायली लावणे. हे काम मी चार वर्षं विचारपूर्वक करत आले आहे.

११ फेब्रुवारी
शितलने फायली लावल्या. जेवणाच्या सुट्टीच्या आत. माझ्या शेऱ्यांच्या वहीत लिहिलं: ‘घाई करते.’

१७ फेब्रुवारी
दुसरं काम: केंदूरच्या बायकांना कामावर आणणारी गाडी रोज उशिरा येते, ही तक्रार सोडवणे. त्यासाठी माझी रीत ठरलेली आहे. लेखी तक्रार, मग खुलासा, मग समज, मग समिती. शितलने ड्रायव्हरला फोन लावला. म्हणाली, “नवनाथदादा, वयनींना माज्या नावानं सांगा, डबा जरा लवकर. सकाळी हितं समद्या ताटकळत्यात.” गाडी वेळेवर येऊ लागली. समिती नेमायची राहून गेली.
शेरा: ‘प्रक्रियेचा आदर नाही.’

२४ फेब्रुवारी
बायका सुट्ट्या मागायला परस्पर शितलकडे जातात, असं दिसलं. जाब विचारला. म्हणाली, मॅडम, तुम्ही मीटिंगमध्ये होता. मी मीटिंगमध्ये नव्हते. मग पाहिलं तर माझ्या दारावर बाहेरून ‘मीटिंग चालू आहे’ अशी पाटी. मी आत बसले की शितल लावायची. कधीपासून, विचारलं तर म्हणाली, दिवाळीपासून.
मला त्रास होऊ नये म्हणून. पोरगी जाणती आहे, हे मान्य करावं लागेल. म्हणूनच दिवाळीपासून इतकं शांत वाटत होतं.

२ मार्च
उपाय सापडला. जत्रा!
या भागातली जत्रा ११ तारखेला. गावच्या बायका त्या दिवशी पोरं-लेकी-जावयांत. माझ्या आधी जत्रेच्या दिवशी पॅकहाऊस ओस पडायचं म्हणतात. मी आल्यापासून दरवर्षी आठ दिवस आधी नोटीस लावते: ‘जत्रेच्या दिवशी विनापरवानगी गैरहजर राहणाऱ्यांवर कारवाई होईल.’ आणि दरवर्षी लाईन भरलेली. हा केवळ शिस्तीचा परिणाम. रश्मी मॅडमच्या पुस्तकात हे नसेल.
गेल्या वर्षी साखरबाईने विचारलं होतं, “मॅडम, तुमच्या जयंतीला तुमी तरी येता का कामाला?” मी सांगितलं, १४ एप्रिल ही सरकारी सुट्टी आहे, राजपत्रात आहे. तुमच्या देवाचंही नाव लावून घ्या. तर म्हणे, “द्येव काय मंत्रालयात हेलपाटं घालंल व्हय?” युक्तिवाद कायद्यात बसत नाही.
तर यंदा त्याच आठवड्यात मी रजेवर. नोटीसही लावणार नाही. कार्यभार शितलकडे. वर त्याच दिवशी मुंबईच्या मॉलची मोठी ऑर्डर आहे. रश्मी मॅडमना म्हटलं, तिच्यासाठी ही आव्हानात्मक संधी. त्या इतक्या खूश झाल्या की मला थोडं वाईट वाटलं.
शितलचं नुकसान व्हावं अशी इच्छा अजिबात नाही. थोडी फजिती व्हावी, एवढंच. शिकण्यासाठी.

७ मार्च
निघताना महत्त्वाच्या किल्ल्या ड्रॉवरमधून काढून पर्समध्ये टाकल्या. जबाबदारी म्हणजे जबाबदारी.

९ मार्च
रजा. दौंडला घरी. फोन चार्ज करून ठेवला. मॉलच्या ऑर्डरचं बिनसलं तर काय काय करायचं, याचे मुद्दे काढले. फोन नाही. साहजिक आहे, जत्रा परवा.

११ मार्च
सकाळी ८. आता लाईनवर शुकशुकाट असेल.
९.३०. फोन नाही. शितल आधी स्वतः प्रयत्न करत असेल.
१०. चांगदेवांच्या फोनवरून माझा फोन लावून पाहिला. वाजतो.
११.१५. वाजला! कर्ज हवं का म्हणून विचारत होते. चांगलंच सुनावलं.
१. जेवण. शेवग्याची आमटी. चांगदेव म्हणाले, फोन ताटात पडंल, जरा बाजूला ठेवा. मी त्यांना नेतृत्वाच्या एकाकीपणाबद्दल सांगितलं. ते म्हणाले, भात घेऊ का अजून?
३.२०. शितलचा फोन! तीनदा वाजू दिला, मग घेतला. शांतपणे म्हटलं, घाबरू नकोस, बोल. ती म्हणाली, “मॅडम, कँटीनच्या कपाटाची किल्ली कुठंय? मोठं पातेलं पाहिजे होतं.” पातेलं? “मटणाला.” मी विचारलं, अगं ऑर्डर? तर म्हणाली, “ऑर्डर व्हय? ती मगाशीच गेली की.”

त्याच दिवशी, घरी परत आल्यावर
किल्ली द्यायला जावंच लागलं. गाडीने यवत, तिथून रिक्षा. चांगदेवही बरोबर आले, मटण हा शब्द त्यांनी ऐकला होता.
लाईन पूर्ण भरलेली. पण सगळे चेहरे केंदूरचे. आज त्यांच्या सुट्टीचा वार. गावच्या सगळ्याजणी जत्रेत, नवी लुगडी नेसून. शितलला विचारलं. ती साखरबाईकडे बघू लागली. साखरबाई मटण रांधायला जत्रेतून आली होती, ती थोडीच गप्प बसणार? तिने सगळं सांगितलं. आपल्या जत्रेला केंदूरच्यांनी सुट्टीचा वार द्यायचा, पुढच्या महिन्यात केंदूरच्या जत्रेला गावच्यांनी. ज्यांची जत्रा त्यांनी दुसऱ्यांना मटण घालायचं. कधीपासून, म्हटलं. “तुमी आल्यापास्नं! तुमची नोटीस लागली का आमी बसून बदली ठरवायचो. औंदा नोटीसच न्हाई, लई घोळ झाला बघा. बिचारी शितल फोन करकरून दमली.”
आणि पातेलं? दरवर्षी माझ्या ड्रॉवरमधून किल्ली घ्यायच्या आणि पातेलं धुऊन-पुसून परत ठेवायच्या. “औंदाच तुमी किल्ली पर्समदी घिऊन गेला. म्हटलं, बाईंना काय झालं?”
दोन गोष्टी सिद्ध झाल्या. एक, नोटिशीशिवाय इथे पान हलत नाही. दोन, मी नसल्यामुळे कंपनीची अडचण झाली. पातेल्याची का होईना.
मटण तिखट होतं. मी दोनदा घेतलं. साखरबाई वाढताना म्हणाली, इतकी वर्षं बोलवायचं मनात यायचं, पण नोटीस बघून धीर व्हायचा नाही. रस्सा फारच तिखट. डोळ्यांतून पाणी आलं.

१६ मार्च
रश्मी मॅडमना लेखी अहवाल दिला. शितल अजून तयार नाही. अनौपचारिक पद्धती वापरते. किमान एक वर्ष माझ्या देखरेखीची गरज. त्यांनी वाचला, मिटला. म्हणाल्या, जत्रेच्या दिवशी मॉलची ऑर्डर वेळेआधी गेली. तुम्ही मुद्दाम बाजूला झालात आणि तिला पुढे केलंत. इतकं मोठं मन फार कमी सीनियर लोकांत असतं. मी म्हटलं, अहो, तसं नाही. त्या म्हणाल्या, आणि वर हा विनय!

२४ मार्च
मुदतवाढीचं पत्र अजून नाही. टाईप व्हायला वेळ लागतो. शितल आज माझ्या खिडकीचं माप घेत होती. पडदा लावायचाय म्हणे. माझ्या डोळ्यांवर ऊन येतं हे तिच्या लक्षात आलं असावं.

३१ मार्च, मंगळवार
निरोपसमारंभ. शाल, श्रीफळ आणि ‘उत्कृष्ट मार्गदर्शक’ असं कोरलेली ट्रॉफी. हौशीराम आबा बोलायला उभे राहिले. म्हणाले, “बाईंनी आसं मानूस तयार केलं, आसं तयार केलं, की आता बाईंची गरजच ऱ्हायली न्हाई!” टाळ्यांचा कडकडाट. मीही वाजवल्या. समारंभात शिस्त पाळावी लागते.
शितल पाया पडली. म्हणाली, “मॅडम, काही अडलं तर फोन करीन.” मी म्हटलं, कर. तीही हसली नाही, मीही नाही. मग दोघी हसलो.
साखरबाईने तक्त्यावर माझ्या नावाची चिठ्ठी लावली होती. सगळ्यात वर, चौकोनांच्याही बाहेर. म्हणाली, पुढच्या महिन्यात केंदूरच्या जत्रेला यायचं, गाडीत खिडकीची जागा धरायला सांगते. “आन् जाताना किल्ली तेवढी ठिवून जा.”
ठेवली.

१ एप्रिल, बुधवार
सकाळी वेळेवर तयार होऊन बसले. साडेनऊला लक्षात आलं, की कुठे जायचं नाही.
घराची पाहणी केली. स्वयंपाकघरात व्यवस्थापनाला बराच वाव. चांगदेवांना म्हटलं, मी मार्गदर्शन करू शकेन. ते कणीक मळत होते. म्हणाले, “वरची जागा भरल्याली हाय. मेथी निवडायला मानूस लागतंय.”
तात्पुरत्या स्वरूपात स्वीकारलं. पॅकहाऊसमध्ये पालेभाजीच्या ग्रेडिंगचे नियम लिहून भिंतीवर लावणारी मीच. तासभर लावून जुडी निवडली. चांगदेवांनी चष्मा लावला, सगळी परातीत घेतली आणि पहिल्यापासून परत निवडली. म्हणाले, “काड्या लई ऱ्हायल्यात. पन शिकाल हळूहळू. हुशार दिसता.”
कामगिरी मध्यम, क्षमता चांगली, असा याचा अर्थ. पुढे संधी आहे.
हळदीचा डबा कुठे असतो, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.