जुनं तोडायच्या आधी

बाबा, आज शुक्रवार, इथे मस्कतला सुट्टी, आणि मला तुमच्याशी बोलायचंय. तुम्ही जाऊन अठरा वर्षं झाली. सातवीत शाळा सोडलेला तुमचा पोरगा आता कॉम्प्युटर सांभाळतो, हे ऐकून तुम्ही आधी हसला असतात. वायरी ओढायला म्हणून लागलो, बघून बघून शिकलो. एका जागी बूड टेकत नाही म्हणायचात, तर आता दिवसभर खुर्चीतच असतो.

आज सकाळी औषधांच्या गोदामातल्या मोठ्या कॉम्प्युटरची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची होती. जुनी जाऊन नवी यायची, पण आतलं सगळं जागच्या जागी राहून. म्हणजे तुम्ही गिरणीत साच्यावर, मागावर, ताण्याच्या सुताचा नवा बीम चढवायचात, तसंच. गोदाम तीन तास लांब, म्हणून मी खोलीवरूनच काळ्या पडद्यावर एकेक हुकूम टाइप करत होतो. शेठनं बजावलं होतं, दुपारच्या नमाजानंतर हॉस्पिटलच्या गाड्या लागतील, तेव्हा मशीन बंद दिसलं तर तिकीट काढ आणि घरी जा. मध्येच मशीननं विचारलं, या फाइलीत तुम्ही बदल केलेत, तुमची जुनी ठेवू की नवी घालू? खोलीवरून मी ज्या दारातून मशीनमध्ये शिरलो होतो, त्याच दाराची ती फाइल. त्याआधी, हे बंद झालं तर असावं म्हणून, दुसरं दार उघडून ठेवायलाही मशीननं सांगितलं होतं. मी न वाचताच नवी, नवी, होय, होय करत सुटलो. मशीन बंद होऊन परत सुरू झालं आणि मी बाहेर, नव्या फाइलीत माझं दार बंद.

तेव्हा लालबागची आपली खोली आठवली. संप मिटला असं कुणी कधी म्हणालंच नाही, गिरणी तेवढी गेली. तुम्ही खाटेला दोरे ताणून, मध्ये आईची फणी धरून मला साळखात्यातली, विणकरांची गाठ शिकवताय. बीम संपला तरी जुने धागे फणीतून काढायचे नाहीत, नव्याचा एकेक धागा जुन्याला बांधायचा, मग सगळं पुढे ओढायचं. मी घाईत जुने सगळे एकदम कापतो आणि टोकं फणीतून सटकतात.

"घाय कसली रे झिला? कोण बोलावता तुका?" तुम्ही म्हणता. "आदी नवो बांध, मगे जुनो तोड." आणि आपला तो सुईएवढा बारीक हूक काढून एकेक धागा परत ओवत बसता. मारत नाही. मारलं असतं तर बरं.

शेवटी गोदामाच्या वॉचमनला फोन लावला. रत्नागिरीकडचे चाचा, टोपी घालून मशिदीत निघालेले.

"मला तुझं ते टायपिंग येत नाय रे."

"मला तरी कुणी शाळेत शिकवलंय? सांगतो ते एकेक दाबा."

"ही तिरकी रेघ कंची? इथं दोन हायत."

"प्रश्नचिन्हाखालची."

"आणि चुकलं तर?"

"तर मी घरी."

"थांब मग, चष्मा घालतो."

मशीननं जुनी फाइल फेकली नव्हती, नावाला शेपूट लावून बाजूला ठेवली होती. चाचांनी ती अक्षर अक्षर करत परत जागेवर आणली. गाड्या लागायच्या आत दार उघडलं. चाचांची मशीद चुकली. "इथंच पढतो, तू जेव," एवढंच म्हणाले.

मी जेवलो नाही, हे लिहायला बसलो. एका गिरणीत परत घेतायत म्हणून तुम्हाला बोलावणं आलं, त्या सकाळी तुम्ही हूक शोधत होतात. डबे उपसलेत, आईवर ओरडलात, मलाही विचारलंत. मी नाही म्हणालो. तुम्ही तसेच गेलात, दुसऱ्याचा हूक मागून तो एक दिवस काढलात, आणि पुन्हा बोलावणं आलं नाही. त्या हुकामुळेच नाही आलं, असं मी म्हणत नाही. पण तो माझ्या दप्तरात होता, मोरीच्या जाळीत पडलेली गोटी काढायला घेतलेला. मार बसेल म्हणून गप्प राहिलो, आणि नंतर तुम्ही तो कधी शोधलाच नाही.

अजून आहे माझ्याकडे. वायरी ओढतो त्यानं.