भट्टीत गेलेलं विमान

३ नोव्हेंबर
आले एकदाची चाकणला! उदगीरहून निघताना आई रडली, मी मात्र एसटीत बसून बिस्किटांचा आख्खा पुडा फस्त केला. कंपनी छोटी आहे. अॅल्युमिनियमचं भंगार वितळवून गाड्यांचे सुटे भाग ओततात, आणि भट्टीवर मी सुपरवायझर. अजून पर्मनंट नाही. काम बघून ठरवू, असं मॅनेजर गणराज सर हसत हसत म्हणाले. भट्टीवाले भिवाकाका म्हणाले, पोरी, डबा माझ्याजवळ ठेव, गरम राहतो.

५ नोव्हेंबर
इथली एक रीत शिकले. पोकळ भंगार भट्टीत टाकण्याआधी काका त्यावर हातोडी मारतात आणि दुसऱ्याने कान लावायचा. आत पाणी अडकलेलं असेल तर आवाज बद्द येतो. तसा तुकडा वितळलेल्या धातूत पडला तर भट्टीच उडते. काकांना बर्नरच्या घरघरीत नीट ऐकू येत नाही, म्हणून कान आता माझा. काका म्हणाले, "तू सांगशील ते खरं. मी परत बघत न्हाई." केवढा मान वाटला मला!

११ नोव्हेंबर
आज ट्रकमधून चक्क विमान आलं, म्हणजे त्याचे तुकडे. ड्रायव्हर सांगत होता, दुसऱ्या महायुद्धातलं आहे, शिकाऊ पायलटांचं. सरावाला उडालं ते समुद्रात गेलं. कोकणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यात अडकलं आणि भंगारवाल्यांमार्फत इथवर पोचलं. सगळ्यांनी सेल्फी काढले, मीही. एक तुकडा चेपून डब्यासारखा बंद झालाय.

१२ नोव्हेंबर
लिहायची लाज वाटतेय. त्या बंद तुकड्यावर काकांनी हातोडी मारली, मी कान लावला. पाणी नव्हतं. आतून कुणीतरी उलट ठोकलं. हळू, दमल्यासारखं.
मागे गणराज सर खोळंबून उभे होते, माल आजच भट्टीत जायचा होता. आत कुणीतरी आहे म्हटलं असतं, तर उदगीरची येडी आली म्हणून सगळे हसले असते. काकांनी विचारलं, "टाकू ना?"
मी म्हणाले, "टाका. आत काही नाही."
काकांनी टाकला. मग मला जेवणाचा डबा उघडवला नाही.

१५ नोव्हेंबर
त्या धातूचे ब्रॅकेट तपासायला आले. एक हातात घेतला, तर आतून कुणीतरी ठोकतोय. दुसरा घेतला, तोही. भरीव धातू, त्यात कोण असणार! बाकी कुणाला ऐकू येत नाही. मी सगळे पास केले. आता ते लोकांच्या गाड्यांना लागतील, हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये ठोकत बसतील — शी, काय माणूस आहे मी.

१९ नोव्हेंबर
पेपरात विमानाची बातमी त्याच्या नंबरासकट आली होती, ती वाचून आळंदीहून सावित्रीबाई आल्या, नव्वदीच्या. त्या विमानातला शिकाऊ पायलट त्यांचा थोरला भाऊ. बाई ठार बहिऱ्या. सोबतची नात, दिव्या, त्यांना मोठ्या अक्षरात लिहून दाखवते. दादाचं काही सापडलं का, बटण असलं तरी चालेल, असं त्या म्हणाल्या. सगळे माझ्याकडे बघायला लागले, कान मीच लावला होता ना. मी 'नाही' म्हणून मान हलवली. सरांनी आठवण म्हणून त्यांना त्याच धातूचा एक ब्रॅकेट दिला. बाई माझ्याच पाया पडायला वाकल्या. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

२१ नोव्हेंबर
काकांना सांगायला गेले — जमलं नाही. घरची आठवण येते का, म्हणाले. पोळी मोडून माझ्या हातात ठेवली. मी ती तशीच डब्यात परत ठेवली —

२२ नोव्हेंबर
दिव्याचा फोन. आजी ब्रॅकेट सोडतच नाही. आत दादा ठोकतो ते हाताला लागतं, काहीतरी बोलतोय म्हणते. जिने कान लावला तिला बोलाव, म्हणते —
उद्या जाऊन सगळं सांगणार. नोकरी गेली तर जाऊ दे.

२३ नोव्हेंबर, आळंदी
बाईंसमोर बसलेय. ब्रॅकेट लोकरीच्या शालीत गुंडाळलाय, वर गोधडी. इतकी वर्षं समुद्रात गारठला असेल, म्हणाल्या. कान लाव, तो बोलेल ते मला मोठ्या अक्षरात लिहून दे.
लावला.
ठोकत नाहीये — बोलतोय —
पाण्याचं काही म्हणत नाही —
भाजतंय म्हणतो. अजून भाजतंय — टाका कोण म्हणालं, विचारतो —
बाई दुसरी गोधडी घालतायत — वहीत बघतायत —
बाई, शाल काढा. त्याला थंडी वाजत नाहीये. त्याला मी