कोळशावाचून ऊब

४ डिसेंबर १९३२

पुन्हा तीच शेगडी! आत्या आज माळ्यावरून काढून घासत बसली होती. "प्रभाचे दिवस भरत आले, तयारी नको?" मी पाय आपटत बाहेर पडलो. गेल्या पौषात ह्याच शेगडीनं आमचं पहिलं पोर नेलं. बाळंतिणीची खोली, खिडकी बंद, खाटेखाली कोळसे. आठव्या दिवशी पोर निपचित. आत्या म्हणते, थंडी बाधली. कोंडलेल्या खोलीत कोळसा कसा मारतो ते मी वर्गात शिकवतो — आणि माझ्याच घरात हे!

७ डिसेंबर

शेजारी गुरुसिद्धप्पांच्या सूत रंगवायच्या कारखान्यात बोअर चालू आहे. आज चारशे वीस फुटांवर पाणी लागलं. हात घातला तर कोमट! गुरुसिद्धप्पा म्हणाले, "थंडीत पाणी कोमटच लागतंय की, मास्तर." धावत जाऊन शाळेतला थर्मामीटर आणला. नव्वद अंश फॅरनहाइट! आमच्या आडाचं अठ्ठ्याहत्तर. जितकं खोल तितकं ऊन, हे पुस्तकात वाचलेलं. हाताला आज लागलं.

८ डिसेंबर

आइसलँडात जमिनीला भोकं पाडून ऊन पाणी काढतात आणि नळांनी शाळेत फिरवून खोल्या उबदार ठेवतात. मासिकात वाचलं होतं. आमची खोली तर दहा बाय आठ! का नाही जमणार?

११ डिसेंबर

गुरुसिद्धप्पांना भीत भीत विचारलं. त्यांच्या गच्चीवरच्या टाकीतून नळ काढायचा, आमच्या खोलीत भिंतीलगत चार फेरे, आणि पाणी परत त्यांच्याच हौदात. ते हसले. "घ्या की! पाणी काय, फिरून येतंय." भला माणूस!

१८ डिसेंबर

फजिती. पाणी आमच्या भिंतीपर्यंत येईतो गार! चाळीस फूट उघडा नळ — हे डोक्यात कसं आलं नाही? हेडमास्तर भर वर्गात म्हणाले, "काय, पाताळात पोचलात का?" मुलं फिदीफिदी हसली. संध्याकाळी गिरणीतलं टाकाऊ सूत आणून नळाला गुंडाळलं, वर गोणपाट. बोटं सोलली.

१९ डिसेंबर

सकाळी बाहेर अठ्ठावन्न. खोलीत चौऱ्याहत्तर! तेही खिडकी किलकिली ठेवून!

२२ डिसेंबर

आत्यानं खोली पाहिली. नळाला हात लावला, बरं वाटलं असावं. मग म्हणाली, "माधवा, हे पाणी पुढे जातं कुठे?" सांगितलं. "बाळंतिणीच्या खोलीतून फिरलेलं पाणी? दहा दिवस सोयर आपल्याला! ते लोकांच्या हौदात सोडणार? पाप कुणाच्या माथी?" अंशन् अंश मोजला, ह्याचा विचारच केला नव्हता. ती शेगडी दाराशी ठेवून गेली.

२३ डिसेंबर

लपवणं जमेना. गुरुसिद्धप्पांना सोयराचं सांगून टाकलं. ते बोलायच्या आत ओट्यावरून त्यांच्या आई सावित्रम्मा म्हणाल्या, "आमी लिंगवंत, मास्तर. आमच्यात सूतक न्हाय. पोर जन्मलं त्याचा इटाळ कसला? सोडा खुशाल!" घरी येऊन आत्याला सांगितलं. शेगडी मात्र दाराशीच!

२९ डिसेंबर

मुलगी! दोघी सुखरूप. आत्या निखारे भरून आत निघाली. मी दारात आडवा झालो. म्हणालो, "एक तुझ्या हातानं गेलं. पुरे आता." तोंडातून गेलं ते गेलं. आत्यानं शेगडी तशीच परसात नेली आणि पाणी ओतून विझवली.

२ जानेवारी १९३३

खोलीत शहात्तर. रडते छान.

५ जानेवारी

आठवा दिवस. शाळेत रजा टाकली. वीस वेळा तरी खोलीच्या दाराशी गेलो. प्रभा चिडली, "येरझारा पुरे, ती झोपलीय!" झोपलीच आहे ना, हे पाहायला पुन्हा गेलो.

८ जानेवारी

प्रभाला म्हटलं, आत्याला मी बोललो ते बरोबरच होतं. तिनं बाळाचं दुपटं नीट केलं. मग म्हणाली, "गेल्या वर्षी आत्या खिडकी उघडीच ठेवायच्या. त्या दिवशी तुम्ही शाळेतून आलात, वारा लागेल म्हणालात आणि आत न डोकावता ओसरीवरून तुम्हीच ती लोटलीत. आत्यांनी मला शपथ घातली — माधवाला सांगू नकोस, तो जगायचा नाही."