बुधाजीच्या पोटावरचा पितळी पेला

मी पुंजाजी राघोजी तायडे, वय अंदाजे पासष्ट, पूर्वी कापसाच्या जिनात फिटर, राहणार अकोला, शिक्षण मराठी चौथी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. ते फिरले असे माझा मुलगा देवमन अमरावतीभर सांगत असतो, म्हणून पुन्हा लिहितो. माझे डोके ठिकाणावर आहे.

पोटात बेंबीच्या वर, हृदयाकडून खाली येणारी मोठी रक्ताची नळी फुगली आहे. तीन वर्षांपूर्वी लिंबाएवढी होती, आता मोर्शीच्या संत्र्याएवढी झाली. कधी फुटेल हे लीलाबाई डॉक्टरीणही सांगत नाही. म्हणून घाई.

१. राहते घर पत्नी पंचफुला हिचे, ती आहे तोवर. तिला कोणी आश्रितासारखे वागवू नये. तिच्यामागे घर देवमनचे, पण कलम ३ ची अट पाळली तरच.

२. माझे पाने, हातोड्या, कानशी मुलगी शालू हिला. बाईमाणूस त्याचे काय करील, असे देवमन म्हणेल. शालूने मागच्या वर्षी शिवणयंत्र पूर्ण खोलून परत जोडले. देवमनला सायकलची साखळी चढवता येत नाही.

३. लीलाबाई दर तीन महिन्यांनी माझे रक्त काढते. ते निवळले की वरचे पिवळे पाणी नागपूरला जाते. तिथे कागदाच्या पट्टीवर वीज सोडून त्यातली प्रथिने वेगळी करतात, त्यांचे रंगीत पट्टे उमटतात. माझा एक पट्टा नळीबरोबर वाढत चालला आहे. हाच नळीची भिंत खातो काय, असे मी विचारले. ती म्हणाली, "हा भिंत खातो, की भिंत खचते म्हणून हा वाढतो, तेच अजून कळलेलं नाही, बाबा." तीन वर्षे रक्त देऊन हे उत्तर. मला फार राग आला. पण ती खोटे बोलली नाही.

तिला आता आमच्याच घरातल्या, नळी अजून न फुगलेल्या माणसाचे रक्त पाहिजे. देवमन चाळीस वर्षांचा आहे. त्याला सांगितले तर तो मलाच म्हणाला, "तायड्याच्या रक्तात खोट हाय म्हणतीन लोक. माह्या पोरीले कोन करून घेईन?" पोरीची काळजी आहे, तिच्या बापाची नाही.

अट अशी. माझ्यामागे तीन महिन्यांच्या आत देवमनने पोट तपासून घ्यावे आणि बाई मागेल तोवर रक्त द्यावे. न दिल्यास घर शालूचे. माझ्या देहातली ती नळी आणि शेवटचे रक्त बाईने काढून घ्यावे, मग बौद्ध रीतीने जाळावे. बापाला कापू देणार नाही, असे देवमन ओरडेल. ओरडू द्यावे.

४. पितळी पेला. मी पायाळू, पायांकडून जन्मलेला, म्हणून सरकलेली बेंबी बसवायला लोक माझ्याकडे येत. पोटावर कणकेचा दिवा लावायचा, त्यावर पेला पालथा घालायचा, तो पोट ओढून धरतो. मग अंगठ्याने दाबून उडती शीर बेंबीखाली आणायची. छप्पन साली बौद्ध झालो तेव्हा देव्हाऱ्यातले टाक मोर्णा नदीत सोडले, हा पेला ठेवला. लोक दारात येत, ते मला आवडे. देवमन पायाळू नाही, तरी आता तो अमरावतीत तेच करतो आणि पेला मागतो.

तर जे आठ वर्षे कोणाला सांगितले नाही ते लिहितो. एकोणसाठ साली माझा थोरला भाऊ बुधाजी मोर्शीला पोट आणि पाठ धरून पडला होता. त्याची शीर बेंबीच्या डावीकडे दोन बोटे उडत होती. मी म्हणालो, बेंबी सरकली. पेला लावला. शीर जागेवर येईना, म्हणून दोन्ही अंगठ्यांनी दाबले. तो म्हणाला, "पुंजा, थांब बाप्पा." मी म्हणालो, थोडे सोस. तिसऱ्या दाबाला तो पांढराफटक पडला. दवाखान्यात न्यायला बैल जुंपेपर्यंत गेला. वायगोळ्याने गेला, असे मी सर्वांना सांगितले. केशरवहिनी माझ्या पाया पडली, म्हणाली, "तुमी होते म्हनून अखेरीले घरच्या मानसाचा हात तरी लागला."

लीलाबाईने माझे पोट वरून दाबले नाही. दोन्ही बाजूंना बोटे ठेवली, आणि दर ठोक्याला ती बोटे एकमेकांपासून दूर ढकलली गेली. त्या दिवशी बुधाजीच्या पोटात माझ्या अंगठ्याखाली काय होते, ते तेव्हा कळले.

तो पेला आज सकाळी मी ऐरणीवर ठेवून चपटा केला. देवमनला तो चपटाच द्यावा.

हे सर्व दोन्ही साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवले. शेजारी खुशालराव गुरुजींनी सही केली. दुसरी साक्षीदार केशरवहिनी, बुधाजीची बायको. तिने विचारले, "थांब म्हनले होते ना ते?"

मी हो म्हणालो.

"मंग आता देवमनले थांबवा," ती म्हणाली, आणि तिने शाई मागितली.

सही: पुंजाजी राघोजी तायडे
साक्षीदार: १. खुशालराव नारायणराव देशमुख, सही
२. केशरबाई बुधाजी तायडे, मोर्शी, डाव्या हाताचा अंगठा
मुक्काम अकोला, ता. १२ मार्च १९६७