बेल वाजवू नकोस

ती. आईस,
दुरूनच पाया पडते.

आम्ही मजेत आहोत. माझं काम घरूनच चालतं. जेवणाच्या टेबलाचं एक टोक ऑफिस, दुसऱ्यावर भाजी चिरायची. ह्यांनी दुसरी नोकरीही धरलीय, थकलेले हप्ते फिटतील हळूहळू.

तुझी नात ठमू फार शहाणी झालीय. बेल वाजली की आपणहून टीव्ही बंद करते आणि तोंडावर बोट ठेवून टेबलाखाली माझ्या पायांशी बसते. मी शिकवलं नाही गं.

तुझा गुडघा कसा आहे? येणार असशील तर आधी फोन कर. बेल वाजवू नकोस, बाहेरून हाकही मारू नकोस. काल वसुलीवाल्याने दाराच्या फटीतून हाक मारली, "ठमू, ये बाळा." अगदी तुझ्यासारखी, लाडानं.

ठमू कडीपर्यंत पोचली होती.

तुझी,
थोरली