दादानं बांधलेला डबा

मंगळवार, सुरत

आणि वर दादाच म्हणतो, मी त्याचं घर मोडून राहिलो! सुटी संपवून औशाहून निघालो तवा आईच्या चिवड्याचा डबा त्यानंच बांधला. आत गांजाची पुडी, माझ्या पलटणीतल्या त्याच्या दोस्तासाठी. मला तवा पत्ताच न्हाई, मागनं त्यानंच सांगितलं. तपासणीत सापडली. त्याचं लग्न ठरलेलं, म्हणून मी गप्प बसलो, अन् फौजेनं मला काढलं. आता फेरविचाराच्या अर्जाला त्याचं शपथपत्र पाहिजे, तर आज फोनवर म्हणतो, "कोणता डबा रे? सासऱ्याला काय तोंड दाखवू?"

कोणता डबा! सख्खा भाऊ हाय का हा?

वकिलाला सांगितलं, सही नसली तर नसू द्या, अर्जात दादाचं नाव घाला. त्यांची फी पाठवून राहिलो, तीन हजार.